राखीव नंबर आणि कन्हेरीची डाळिंबं

खेळाडूंचं गाव,
जपान

तीर्थरूप महिपती तात्यांच्या पायांवर राजीचं डोकं. (डोकं कागदावरच टेकवते. उजव्या मांडीत असा गोळा आलाय की खरंच वाकले तर उठवायला दोन माणसं लागतील.)

मी खुशाल आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आजी गोळ्या खाते की अजून गादीखाली सारते? म्हैस व्याली का? वरच्या रानातल्या उसावर मावा पडला होता तो हटला का? या प्रश्नांची उत्तरं मला फोनवर नको आहेत, आणि हे पत्र लिहायचं कारणही तेच. काल तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही तो स्पीकरवर टाकून पारावर मधोमध ठेवला होता (नाही म्हणू नका, शेजारच्या रानातला रामहरी शिंकलेला मी इथं जपानात ऐकला). तुम्ही विचारलंत, "उतरलीस का न्हाय, यवढंच सांग." मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही कारखान्याचा मोळीपूजनाचा कार्यक्रम, रामहरीच्या बोअरचं पाणी आणि जपानात भाकरी मिळते का नाही, या तिन्ही विषयांवर स्वतःच बोललात आणि "बरं, ठेवतो, बिल यील" म्हणून फोन ठेवलात. पत्राचं बरं असतं, पत्राच्या मधे कुणाला बोलता येत नाही. फक्त हे छकुलीकडनं मोठ्यानं वाचून घेऊ नका. नात वाचायला शिकली याचं कौतुक दुसऱ्या कशावर तरी करा. चष्मा लावा, आतल्या खोलीत बसा आणि स्वतः वाचा. सुरुवात शाळेतल्या भाषेत करतेय. राग आला की आपली भाषा येईल, आणि राग येणार आहे.

तर मुळापासून सांगते, कारण तुम्हाला अर्धवट माहीत असलं की तुम्ही उरलेलं स्वतःच्या मनानं भरता. आमच्या तलवारबाजीच्या संघात चौघी. निपाणीची श्रेया, नागपूरची प्रतिक्षा, मणिपूरची एक थोरली जिला आम्ही सगळ्या इचे म्हणतो (तिकडं मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात), आणि मी. त्यातल्या खेळतात तिघी. प्रत्येकीनं समोरच्या तिघींशी एकेकदा लढायचं, अशा नऊ फेऱ्या, आणि गुण सगळ्यांचे एकाच हंड्यात. पहिली जिथं सोडेल तिथून दुसरीनं उचलायचं, आणि पंचेचाळीसला जो संघ आधी पोचेल तो जिंकला, नाहीतर शेवटच्या फेरीची वेळ संपताना ज्याचे गुण जास्त तो. आमची तलवार अंगावर कुठंही टोचली तरी चालते, पायाच्या नखापासून डोक्यावरच्या जाळीपर्यंत. टोकाला बटण असतं, ते दाबलं गेलं की पाठीला जोडलेल्या वायरीतनं दिवा लागतो. (रक्त येत नाही. आजीला हे परत एकदा सांगा.) राहिलेली चौथी असते राखीव. ती बाकावर बसते, बाटल्या भरते, वायरी गुंडाळते, आणि कुणाच्या जागी उतरवलं तर उतरते. नाही उतरवलं तर आली तशी घरी जाते. ती चौथी म्हणजे मी.

मी हे उन्हाळ्यात घरी सांगितलं तेव्हा दादा नुसते "बरं" म्हणाले. माझे वडील असून त्यांनी आयुष्यात "बरं"च्या पुढं फारसं काही बोलल्याचं मला आठवत नाही, आणि तुम्ही थोरल्या भावानं तेवढी जागा ठेवलीतच कुठं म्हणा. तुम्हाला मात्र त्यातलं एवढंच दिसलं की आपला ऊस उभा आहे आणि तोडायची टोळी शेजारच्याच्या फडात शिरली आहे. तुमचं तत्त्व मला पाठ आहे. नोंद केली म्हणून तोड येत नसते. कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊन खुर्ची धरून बसावं लागतं, चिठ्ठ्या फाडणाऱ्या चिटबॉयला चहा पाजावा लागतो, टोळीच्या मुकादमाला मटण घालावं लागतं, आणि एवढ्यानंही नाही भागलं तर संचालकाचं पत्र. यात तुमचं चुकतं असं मी म्हणणार नाही, आपला ऊस दरवर्षी फडात वाळण्यापासून याच गोष्टींनी वाचलाय. पण तात्या, भारताच्या संघाला शेतकी ऑफिस नसतं! हे कुणी तुम्हाला सांगितलं असतं तरी तुम्ही "आसंल कुठंतरी, इचारू" म्हणून पिशवी उचलली असतीत, हेही मला माहीत आहे.

आणि तसंच झालं. पंजाबातल्या आमच्या शिबिराच्या फाटकावर भर दुपारी इस्त्रीची टोपी घालून तुम्ही उभे, आणि मागं हमालाच्या गाड्यावर कन्हेरीच्या आत्याच्या बागेतल्या डाळिंबांच्या पेट्या. (रेल्वेत पेट्यांना बर्थ देऊन तुम्ही स्वतः दारात बसून आलात हे आत्याकडनं कळलं. तुमच्या गुडघ्याची मी चौकशी करते ती उगीच नाही.) रखवालदारानं कुणाकडं जायचंय विचारलं तर तुम्ही तुमच्या हिंदीत, म्हणजे मराठीतच पण मोठ्यानं, विचारलंत की हितला मुकादम कोण हाय. त्यानं घाबरून तुम्हाला आमच्या रतन मॅडमच्या ऑफिसासमोर नेलं. मॅडम आमच्या मुख्य कोच. त्यांच्यापुढं उभं राहताना इचेसारखी वाघीणसुद्धा आधी बुटाची नाडी बघून घेते. तुम्ही त्यांच्या दारात प्लास्टिकची खुर्ची ओढलीत आणि बसलात. त्या बाहेर आल्या की उठून नमस्कार, आत गेल्या की परत बसायचं. दुसऱ्या दिवशी परत तेच. येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही डाळिंब देत होता, आणि त्यात जे गृहस्थ तुम्हाला "फार मोठे साहेब" वाटले आणि ज्यांना तुम्ही आख्खी पेटी दिलीत, ते पंखे दुरुस्त करायला आले होते.

मटणाचं तर मला लिहवतही नाही. मेसच्या आचाऱ्याला गाठून तुम्ही बोकड ठरवलात, मसाला घरनं आणलेला होताच, आणि रात्री मॅडमना जेवणाचं आवतण दिलंत. मॅडम कांदासुद्धा खात नाहीत. त्या ताकाचा ग्लास घेऊन समोर बसल्या, तुम्ही बिचाऱ्या रश्श्याची वाटी पुन्हा पुन्हा त्यांच्याकडं सारत होता आणि त्या ती पुन्हा पुन्हा इचेकडं. इचेचं मात्र त्या रात्रीपासून तुमच्याबद्दल फार चांगलं मत आहे.

मग तुम्ही कोटाच्या आतल्या खिशातून संचालकांचं पत्र काढलंत. मॅडमना मराठी येत नाही, म्हणून ते वाचून हिंदीत सांगायला मला बोलावलं, संघासमोर. तात्या, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला त्या दिवशी झालं. सदर कुमारी ही आमच्या कार्यक्षेत्रातील जुन्या सभासदाची पुतणी असून तिची वर्तणूक चांगली आहे, तरी तिला प्राधान्याने उतरवण्यात यावे व केलेल्या कार्यवाहीचा अहवाल या कार्यालयास सादर करावा. मी एकेक शब्द सांगत गेले. श्रेया छताकडं बघत होती, प्रतिक्षानं टॉवेलात तोंड खुपसलं होतं. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं आणि अहवाल किती प्रतींत पाठवायचा एवढंच विचारलं. तुम्ही म्हणालात, "येक बास हाय." आणि काम झालं असं समजून आनंदानं त्याच संध्याकाळच्या गाडीला बसलात.

तुमची गाडी हलली आणि इकडं मॅडमनी आम्हा चौघींना ओळीत उभं केलं. डाळिंबं त्यांनी सगळ्यांत वाटून टाकली, स्वतः एक दाणा तोंडात घातला नाही. म्हणाल्या, आता हिला मी माझ्या मनानं उतरवलं तर ते फळांनी उतरवलं असं होईल. तेव्हा ही उतरायची की नाही ते मी ठरवणार नाही. खेळणाऱ्या तिघींनी येऊन माझ्याकडं मागितलं तरच ही उतरेल, आणि तिघींनीही, दोघींनी चालायचं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तुमच्या नावानं मी काय काय बोलले ते लिहीत नाही, तुम्ही वडीलधारे. आमी बाकावर बसायला शिकलो होतो का तात्या? बावड्याहून इंदापूर, इंदापूरहून बारामती, एसटीच्या टपावर तलवारीची पिशवी टाकून शाळेपासून हिंडले ते काय वायरी गुंडाळायला? मग तोंड धुतलं, आरशात बघितलं आणि स्वतःलाच सांगितलं की रडून झालं असेल तर आता ऐक, तू उतरणार हायस. या तिघी मागतीलच. न मागून जातात कुठं!

आता मागायला लावायचं म्हणजे काय? तुमच्या पद्धतीनं तिघींना खायला घालून झालंच होतं. मी विचार केला की या तिघींना सगळ्यात जास्त कशाची भीती आहे, आणि उत्तर समोर होतं. डावखुऱ्या मुलींची. डावखुरीची तलवार नेहमीच्या बाजूनं येत नाही, सगळं उलटं पडतं, आणि आमच्यात एकही डावखुरी नव्हती की जिच्यासमोर सराव करावा. म्हणून मी डावखुरी झाले. खरंच. डाव्या हाताच्या मुठीची तलवार मागून घेतली (मूठ बोटांच्या खाचांची असते, उजवीची डावीला चालत नाही) आणि सुरुवातीला इतकी वाईट खेळले की प्रतिक्षानं दया येऊन मला गुण सोडायला सुरुवात केली. त्या दयेचा मला फार राग आला आणि रागानं हात सुधारला. जेवताना चमचा डाव्या हातात, दात घासायचा ब्रश डाव्या हातात, वेणीसुद्धा डावीकडनं. इचे म्हणाली तू वेडी आहेस, मी म्हटलं माझ्या काकांना बघितलंस ना. पुढं पुढं मी त्या तिघींना रोज डाव्या हातानं टोचून काढायला लागले. श्रेयाला तर कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला इतक्यांदा टोचलं की तिथं कायमचा निळा डाग पडला. ती चिडायची, शिव्या द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी माझ्यासमोर येऊन उभी राहायची. चांगली मुलगी आहे. मला वाटायला लागलं होतं की पहिल्यांदा मागेल ती हीच.

आणि इथं, तात्या, तुमचा दुसरा पराक्रम. फोनवर तुम्ही याचं अवाक्षर काढलं नाहीत. मला वाटलं होतं डाळिंबांवर भागलं. पण अहवाल काही आला नाही म्हणून तुम्ही बेचैन झालात, आणि टोळी येत नाही म्हटल्यावर आपल्याकडं शेवटचा जो उपाय करतात तो तुम्ही केलात. ज्याचा नंबर लागलाय त्याच्याकडंच जायचं आणि नंबर बदलून मागायचा. संचालकांच्या साडूच्या ओळखीतनं तुम्ही निपाणीला श्रेयाच्या आप्पांचा फोन मिळवलात. ते भले गृहस्थ, त्यांचाही ऊसच, त्यांचाही कारखाना, त्यांचाही एक गुडघा धरलेला. तुम्हा दोघांना हे इतकं सरळ वाटलं की कुणाला हसूसुद्धा आलं नाही! या खेपेला श्रेयाचा नंबर राजीला द्यायचा, पुढच्या खेपेला राजीनं गुमान बाकावर बसायचं, आणि मधे एखादी किरकोळ स्पर्धा आली तर ती वरकड म्हणून श्रेयाला. भारताच्या संघातल्या दोन जागा तुम्ही बावड्यात आणि निपाणीत बसून वाटून घेतल्यात, आणि वर एकमेकांना गुडघ्याचं तेल सांगितलंत.

सांघिक सामन्याच्या आदल्या दिवशी आप्पांनी मोठ्या कौतुकानं ही बातमी श्रेयाला फोनवर दिली. ती खोलीत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "राजी, आपली वाटणी झाली." मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा आम्ही दोघी पलंगावर पडून इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतल्या कोरियाच्या मुलींनी भिंत ठोकली. हसणं संपलं तशी ती उठून बसली. म्हणाली, मी उद्या तुझं नाव घेणार होते, खरं सांगते, पण आता नाही घेणार. घेतलं तर आमचे आप्पा जन्मभर सांगत फिरतील की बघा, मी ठरवलं तसंच झालं. मरेन पण त्यांना तेवढं मिळू देणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते. म्हणजे तात्या, जी मागणार होती तिचं तोंड तुमी बंद केलंत. दोनदा माझा नंबर लावायला गेलात आणि दोन्हीदा माझ्याच उसाला काडी लावलीत. मला त्या दिवशी तुमचा इतका राग आला की मी आख्खी बॅग परत भरली आणि परत उपसली.

सकाळी मात्र मी सगळ्यांच्या आधी तयार होते. पांढरे कपडे, छातीचं कवच, मास्क, वायर, सगळं अंगावर चढवून बाकावर. राखीव मुलगी एवढी सजत नाही, जॅकेट घालून बसते. मॅडमनी मला एकदा वरून खालपर्यंत बघितलं. समोर कोणता देश होता ते मी लिहीत नाही, नाहीतर तुम्ही त्यांच्या कोचचा नंबर शोधाल. एवढं समजा की आम्ही जिंकलो तर पदक पक्कं, कारण आशियाई स्पर्धेत आमच्यात उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही कांस्य मिळतं, आणि हरलो तर दुपारच्या आत पिशव्या बांधायच्या. इचे सुंदर खेळली, प्रतिक्षा घाबरत घाबरत पण चिवट खेळली, श्रेयानं दोन फेऱ्या काढल्या, आणि तरी आम्ही थोड्या मागंच. मी प्रत्येक फेरीला बाकाच्या कडेवर सरकत होते. एका फेरीला तर सरकता सरकता खाली पडले (पंचांनी वळून बघितलं, मी बुटाची नाडी बांधायला लागले).

नववी फेरी श्रेयाची, आणि समोर त्यांची ती उंच डावखुरी. वैयक्तिक स्पर्धेत हिनंच श्रेयाला पार धुऊन वाळत घातलं होतं. बदल करायचा तर तो एक फेरी आधी सांगावा लागतो, असा नियम आहे. आठवी सुरू व्हायला प्रतिक्षा वायर जोडत होती. श्रेया पाणी प्यायली, बाटली माझ्याकडं दिली, थोडा वेळ त्या डावखुरीकडं बघत राहिली, आणि एकदम उठून मॅडमपुढं गेली. म्हणाली, माझी शेवटची फेरी राजीला द्या. मॅडमनी इचेकडं बघितलं, इचेनं मान हलवली. प्रतिक्षाकडं बघितलं, ती मास्क घालून खेळायच्या पट्टीवर चढलेली, तिला काही ऐकू जाईना, ती नुसती "काय? काय?" करत होती. शेवटी इचेनं माझ्याकडं बोट दाखवलं तेव्हा तिनं मास्कसकट एवढ्या जोरात मान डोलावली की वायर सुटली आणि परत जोडावी लागली. तिघी झाल्या. श्रेया माझ्याजवळ येऊन बसली, बाही वर करून तो निळा डाग दाखवला आणि म्हणाली, इथं मार तिला. आणि हे आप्पांमुळं नाही, तुझ्या तात्यांमुळं नाही, ती डावखुरी आहे म्हणून. मी मान हलवली आणि मास्क ओढला.

मी नेहमीच्या उजव्या हातात तलवार घेऊन चढले तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागं होतो. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मला धावून जायचं असतं. पण ती बया धावून येणाऱ्यांचीच वाट बघत उभी राहते, हे मला पक्कं माहीत होतं, कारण डाव्या हातानं खेळताना मीही तेच करायचे. म्हणून मी रानात पाण्याची दारं धरायला उभी राहिल्यासारखी उभी राहिले. पाणी आपण होऊन वाफ्याशी येईस्तोवर फावडं उचलायचं नाही. ती कंटाळली, हात पुढं काढला, आणि मी कोपराखाली टोचलं. दिवा लागला. परत तसंच, परत दिवा. मग तिलाही अक्कल आली, तिनं दोन मारले, मी दोन मारले, आमचे दोघींचे एकदमच दिवे लागले तेव्हा दोघींना गुण मिळाले, आणि वेळ संपली तेव्हा दोन्हीकडं सारखे. मग एक मिनिट जास्त, जी आधी टोचेल ती जिंकली. पण त्या मिनिटात कुणीच टोचलं नाही तर कोण जिंकणार, यासाठी आधीच चिठ्ठी टाकल्यासारखं यंत्र ठरवतं, आणि यंत्रानं तिला ठरवलं. म्हणजे तिनं नुसतं पळायचं होतं, मारायचं मलाच होतं. मी मारणार म्हणजे मारणार होते, प्रश्न फक्त कुठं एवढाच. हात तिनं आता पोटाशी आवळून धरला होता, छाती लांब, डोकं त्याहून लांब. ती मागं मागं जात होती, घड्याळ उतरत होतं, आणि मला एकदम तिचा पुढचा बूट दिसला. मी जमिनीवर आडवी झाले, तात्या. सगळी आडवी, हात पुढं, हनुवटी पट्टीवर, आणि तलवारीचं टोक तिच्या बुटाच्या अंगठ्यावर. मला दिवा दिसलाच नाही, मी पालथी होते. इचे माझ्यावर येऊन पडली तेव्हा कळलं की आपला लागला. मांडीतला गोळा तो तिथला आहे.

मी ओरडले, रडले, श्रेयाला मिठी मारली, त्या डावखुरीलाही मारली, ती बिचारी आपल्या बुटाकडं बघत उभी होती. मॅडमनी मिठीबिठी मारली नाही. म्हणाल्या, ऊठ, वायर गुंडाळ. उपांत्य फेरीत परत त्या तिघीच खेळल्या, मी बाटल्या भरल्या, आणि आम्ही चांगल्याच हरलो. पदक चौघींनाही मिळालं. तर उतरलीस का न्हाय, याचं उत्तर असं आहे. उतरले. तुमच्याशिवाय उतरले, हे पारावर आवर्जून सांगा. आजीला दंडवत, दादांना सांगा मी "बरं" म्हणाले, छकुलीला पापा.

तुमची,
राजलक्ष्मी

ता. क. – पत्र बंद करत होते तेवढ्यात मॅडम खोलीत आल्या. मी धीर करून त्यांना विचारलं की ती डाळिंबं आली नसती तर तुम्ही मला तुमच्या मनानं उतरवलं असतं का. त्या म्हणाल्या, छे, तिघींनी मागायची अट मी दरवेळी प्रत्येक चौथीला घालते, डाळिंबांचं नुसतं निमित्त मिळालं. म्हणजे तात्या, एवढा रेल्वेचा प्रवास, पेट्या, बोकड, संचालक, सगळं करून तुमच्यामुळं माझं काही बिघडलंही नाही आणि काही सुधारलंही नाही. वर मी तुम्हाला बरंच बोलले आहे, ते खोडायला हवं. पण पान परत लिहायचा कंटाळा आलाय, तेव्हा तुम्हीच वाचताना सोडून द्या.

ता. क. दुसरा – पत्र खरं यासाठी लिहायला घेतलं होतं. डिसेंबरात पुण्याला राष्ट्रीय स्पर्धा आहे. त्यात आपल्या राज्याच्या संघात मी राखीव नाही, पहिल्या तिघींत आहे. तुम्ही शिबिरात आलात, दारात बसलात, गेलात. तुमच्या खुर्चीमागच्या भिंतीच्या पलीकडंच आमचा हॉल होता आणि मी तिथं सकाळपासून खेळत होते. तुम्ही एकदाही आत येऊन बघितलं नाहीत. बारामतीच्या शाळेपासून आजवर माझी एकही लढत तुमी बघितलेली न्हाय, तात्या. सगळ्यांना भेटलात, सगळ्यांना सांगितलंत, राजी खेळती कशी ते तेवढं राहिलं. मला पेटी नको, पत्र नको, कुणाला भेटू नका. हात हलवत या आणि समोर बसा.

ता. क. तिसरा – दादा म्हणाले की नेमक्या त्याच आठवड्यात वरच्या रानात आपली तोड यायची आहे. मला ठाऊक आहे तुमी काय म्हणणार. टोळी फडात आल्यावर मालक गाव सोडत न्हाय. तर त्या खेपेचा टोळीचा नंबर रामहरीला द्या. श्रेयानं तिचा नंबर मला दिला हाय.